लाल बटण

श्रीधर परचुरे यांनी आयुष्यात एकच गाडी घेतली, आणि ती घेतल्यापासून पुणे शहराला वाहतुकीचे नियम शिकवण्याची जबाबदारीही अंगावर घेतली. ती त्यांच्यावर कुणी टाकली नव्हती. शनिवार पेठेतल्या शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवण्याची खोड काही निवृत्त झाली नाही. सिग्नलला काच खाली करून शेजारच्या स्कूटरवाल्याला ते म्हणत, "आपण पांढऱ्या रेषेवर उभे आहात. मागे सरकलात तर ती आपल्यालाही दिसेल." नारायण पेठेतल्या त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये त्यांच्याच सुवाच्य अक्षरात पाटी होती: 'वाहन सरळ लावावे. वाकडेही लावता येते, हे आम्हांस ठाऊक आहे.'

घरात ते होते, पत्नी सरोजिनी होत्या, आणि जावई नोकरीसाठी दुबईला गेल्यापासून मुलगी नीरजा आणि पाच वर्षांची नात आनंदी याही तिथेच राहत होत्या. नीरजा रोज हिंजवडीला कंपनीच्या बसने जायची. म्हणजे दिवसभर आनंदी आजी-आजोबांच्या ताब्यात. शाळेत सोडणं, आणणं, पोहायच्या वर्गाला नेणं, सगळं आजोबांच्या गाडीतून.

आनंदीसाठी नीरजाने गाडीतली खास खुर्ची आणली तेव्हा सरोजिनीबाई म्हणाल्या, "आमची पोरं मांडीवर बसूनच मोठी झाली हो." त्यावर परचुरे सरांनीच त्यांना वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडून दाखवलं. चाळीसच्या वेगाने गाडी आदळली, तर सोळा किलोचं मूल त्या क्षणी दीड-दोनशे किलोंच्या जोराने पुढे जातं. "तुला याच्या निम्मं, गव्हाचं दोन मणांचं पोतं तरी हातांत धरवेल का? नाही ना? मग मूलही धरवणार नाही." खुर्चीबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी पेन्सिलीने खुणा करत वाचलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा नाहीतर अशी खुर्ची हवीच आणि जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची, हा कायदा त्यांनी इमारतीतल्या चार घरांत जाऊन ऐकवला. दोन घरांनी चहासुद्धा दिला नाही.

खुर्चीच्या पट्ट्याला मधोमध एक लाल बटण होतं. ते दाबलं की टक् वाजायचं आणि पट्टा सुटायचा. "हे कुणी दाबायचं?" सर रोज विचारत. "मोठ्यांनी," आनंदी म्हणे. ती गुणी पोर होती, तिने ते बटण कधी दाबलं नाही. हे पुढच्या सगळ्या हकिकतीत लक्षात ठेवायला हवं, कारण घरातली सगळी माणसं ते विसरणार होती.

एवढ्या काटेकोर माणसाचं एकच दुखणं होतं, ते म्हणजे विहीणबाई.

नीरजाचं सासर आंबेगावचं, कात्रजच्या पलीकडे. पूर्वी शेती, आता शेतीच्या जागी इमारती, पण माणसं मनाने अजून गावचीच. लग्न नीरजाच्या हट्टाने रजिस्टर पद्धतीने झालं होतं. ना आहेर, ना मानपान, ना विहिणीची पंगत. सह्या झाल्यावर विहीणबाई, विजयमाला त्यांचं नाव, एवढंच म्हणाल्या होत्या, "आमच्यात असं नसतं. पन असू द्या." बस्स. पुढे सात वर्षांत एका शब्दाने त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. करत्या तर बरं झालं असतं. ते "असू द्या" सरांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. रस्त्यावर कुणालाही फाडकन बोलणारा हा माणूस विहीणबाईंसमोर पाण्याचा पेला पुढे करतानाही दोन्ही हात लावायचा.

त्या वर्षी माघात विहीणबाईंच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. लग्नाच्या कापडखरेदीला, म्हणजे बस्ता बांधायला, त्या लक्ष्मी रस्त्याला आल्या. बरोबर आलेली मंडळी खरेदी उरकून परस्पर गेली, पण विहीणबाईंना सरांनी आग्रहाने घरी जेवायला आणलं. आणि जेवण झाल्यावर, मान राखायची ही आयती संधी दिसल्यावर, ते बोलून गेले, "तुम्ही रिक्षाबिक्षा बघायची नाही. मी स्वतः सोडतो आंबेगावला."

खाली आल्यावर लक्षात आलं की बस्त्याचे गठ्ठे अकरा आहेत. शालू, पैठण्या, पाव्हण्यांची धोतरं-फेटे, सगळं कापडात गच्च बांधलेलं. गाडी लहान, आणि मागच्या डिकीत गॅसची टाकी. डिकीत एक छत्री मावली तर मावायची. गठ्ठे मागच्या सीटवरच ठेवायला हवे होते आणि तिथे आनंदीची खुर्ची ऐसपैस बसलेली होती. त्या दिवशी शनिवार, शाळेला सुट्टी, पण नीरजाला कामावर जावं लागलं होतं, आणि आनंदीने आंबेगावच्या आजीबरोबर जायचा धोशा लावला होता.

सरांनी खुर्चीकडे पाहिलं. मग गठ्ठ्यांकडे पाहिलं. दोन खेपा करता आल्या असत्या. काही गठ्ठे ठेवून घेऊन संध्याकाळी पोचवता आले असते. सरोजिनीबाई घरी थांबल्या असत्या तरी जमलं असतं. अशी तीन उत्तरं गणिताच्या शिक्षकाला सुचायला वेळ लागत नाही. पण विहीणबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या लेकीच्या बस्त्यातले चार गठ्ठे परचुऱ्यांनी पार्किंगमध्ये ठेवून घेतले, हे कसं दिसलं असतं? सरांनी खुर्ची सोडवली, उचलली, आणि आपल्या जुन्या स्कूटरमागे ठेवून तिच्यावर गाडीचं कव्हर टाकलं.

मागे गठ्ठे आणि त्यांच्या कडेला अंग चोरून सरोजिनीबाई. पुढची मानाची जागा विहीणबाईंची. "आनंदी मागे आजीपाशी बसेल," सर चाचरत म्हणाले.

"मागं कुठं जागा हाय, सर?" विहीणबाईंनी हात पसरले. "बसू द्या की माझ्यापाशी. कवा भेटती ती मला? माझ्या मांडीवरनं काय पडतीय व्हय?"

दोन मणांचं पोतं सरांना आठवलं. ते अगदी स्पष्ट आठवलं, हे पुढे त्यांनी स्वतःपासून कधी लपवलं नाही. पण तोंडातून आलं ते एवढंच, "हो हो, बसू दे की." आणि मग, नियमाचा माणूस ना, त्यांनी विहीणबाईंना पट्टा लावून दिला, स्वतः लावला, आरसा नीट केला आणि गाडी काढली. पट्टा सगळ्या मोठ्या माणसांना होता.

कात्रजच्या दूध डेअरीच्या अलीकडे पुढची रिक्षा भररस्त्यात थांबली. कुणीतरी हात केला असेल, थांबली. सरांचा वेग पस्तीससुद्धा नव्हता. त्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी रिक्षापासून हातभर अंतरावर उभी राहिली. कुठे ओरखडासुद्धा उठला नाही. फक्त विहीणबाईंच्या हातांतून आनंदी सुटली आणि तिचं तोंड समोरच्या फळीवर आपटलं. आवाज फार मोठा नव्हता. नारळ फोडताना पहिल्या, हलक्या फटक्याला येतो, तेवढाच.

जवळच्याच एका लहान दवाखान्यात नेलं. हनुवटीला पाच टाके पडले, खालचा ओठ फाटला, पुढचे दोन दुधाचे दात गेले. डोक्याला काही नाही, असं डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं तेव्हा सरांना बाकावर बसता आलं. आनंदी सरोजिनीबाईंच्या कुशीत, तोंडावर कापूस. पलीकडे विहीणबाई कपाळाला हात लावून रडत होत्या, आणि त्यांच्या पदरावर नातीचं रक्त होतं.

तेवढ्यात नीरजाचा फोन आला. तिला सरोजिनीबाईंनी एका वाक्यात कळवलं होतं. ती निघाली होती, आणि तिचा पहिला प्रश्न अगदी बापाच्या शिकवणीतला होता.

"बाबा, सीटमध्ये होती ना ती?"

सरांनी विहीणबाईंकडे पाहिलं. आज खरं सांगितलं तर यांच्या मांडीवरून पोर पडली, असं होणार. लग्नघर आहे. जन्माचा बोल लागेल. असं त्यांच्या मनात आलं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं एक होतं, तेही त्यांना त्याच क्षणी दिसलं. चार घरांत कायदा सांगत फिरलेले परचुरे सर.

"होती," ते म्हणाले. "होती ना. तिनेच ते लाल बटण दाबून पट्टा सोडला आणि पुढे आली. मला कळलंच नाही गं. नेमका ब्रेक लागला."

विहीणबाईंचं रडणं थांबलं. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सरोजिनीबाईंनी भिंतीकडे पाहिलं. आणि आनंदीने कापसाच्या वरून आपले दोन मोठे डोळे आजोबांवर लावले. तिला बोलता येत नव्हतं. पण ऐकू येत होतं.

विहीणबाईंचे यजमान जयसिंगराव जीप घेऊन आले आणि त्यांना व गठ्ठ्यांना घेऊन गेले. सर वीसच्या वेगाने घरी आले. आनंदीला वर पोचवून ते परत खाली उतरले, स्कूटरमागची खुर्ची काढली आणि जागेवर बसवू लागले. पट्टा मागून ओवला, गुडघा रोवून आवळला, खुर्ची हलवून पाहिली. बोटभरही हलली नाही. पुढच्या फळीवरचा डाग त्यांनी ओल्या फडक्याने पुसला, फडकं कचऱ्यात टाकलं, मग कचऱ्यातून काढून रस्त्यापलीकडच्या कुंडीत नेऊन टाकलं. वळले तर जिन्याशी सरोजिनीबाई.

"किती वेळ लागला बसवायला?" त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं."

"मग काढायलाही तेवढाच लागला असेल," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात सरांनी पुष्कळ टोमणे खाल्ले होते, पण असं गप्प बसणं त्यांना नवीन होतं.

नीरजा आली, लेकीला पोटाशी धरून रडली, आणि रडून झाल्यावर आयांचं जसं होतं तसं तिचंही झालं. "किती वेळा सांगितलं होतं तुला? बटण मोठ्यांनी दाबायचं ना? का दाबलंस?" आनंदीने मान हलवली नाही, काही नाही. तिने फक्त आजोबांकडे पाहिलं. घरात एक पद्धत होती. पेन्सिल कुणी हरवली, दूध कुणी सांडलं, असा वाद झाला की आजोबा तर्जनी वर करून म्हणत, "खोटं बोलायचं नसतं," आणि मग आजोबा सांगतील ते खरं. आता ती त्या बोटाची वाट पाहत होती. सर उठून गॅलरीत गेले.

चार दिवसांनी तिला नीट बोलता येऊ लागलं. त्या चार दिवसांत सरांनी देवाजवळ काय मागितलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ती खरं बोलेल याची भीती होती, आणि आशाही होती. ती बोलली की सगळं बाहेर पडेल आणि आपली सुटका होईल. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं झालं हनुवटीला?" आनंदी दात नसलेल्या तोंडाने गंभीरपणे म्हणाली, "मी लाल बटण दाबलं."

नंतर ती सगळ्यांनाच सांगू लागली. शाळेतल्या बाईंना, दूधवाल्याला, दुबईच्या बाबांना फोनवर. सर ऐकत. शाळेत त्यांनी किती मुलांना उलटतपासणी घेऊन खोटं पाडलं होतं! इथे तर खोटं बोलणारा पकडायचाही नव्हता, फक्त तोंड उघडायचं होतं. आज सांगू म्हणत दिवस जाई. टाके निघाल्यावर सांगू. मग लग्न एकदाचं पार पडू दे, विहीणबाईंच्या घरचं कार्य आहे, मग सांगू. स्वतःची लाज वाटत होती, जेवण गोड लागत नव्हतं, आरशासमोर दाढी करताना डोळ्याला डोळा देववत नव्हता. आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सगळे आंबेगावला निघाले. जावयाला दुबईहून रजा मिळाली नव्हती. सर चालवत होते, सरोजिनीबाई शेजारी, मागे नीरजा आणि खुर्चीत आनंदी. स्वारगेटच्या सिग्नलला सरांनी आरशात पाहिलं. आनंदी परकर-पोलक्यात नटून बसली होती, पण तिचे हात दिसत नव्हते. दोन्ही हात तिने आपल्याच मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

"अशी काय बसलीस, सोने?" त्यांनी विचारलं.

"हात मोकळे ठेवले ना, की ते बटण दाबतात," आनंदी म्हणाली.

"आठवडाभर अशीच बसतेय," नीरजा म्हणाली. "मुंग्या येतात, पण काढत नाही. बरंच आहे एका अर्थी. लक्षात तरी राहिलं."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. ज्या माणसाने हॉर्न वाजवणाऱ्यांना आजवर शंभरदा काच खाली करून सुनावलं होतं, त्याने मुकाट गाडी पुढे घेतली.

लग्न दणक्यात लागलं. मांडवात आनंदीच्या हनुवटीची चौकशी झाली आणि तिने आपलं नेहमीचं वाक्य सांगितलं. जयसिंगराव मोठ्याने हसले, "लई आगाव हाय बघा आमची नात! चालत्या गाडीत पट्टा सोडती!" भोवतालचे हसले. आनंदी हसली नाही. तिने हात पाठीमागे नेले.

विहीणबाई तिथेच उभ्या होत्या. त्या ताडकन वळल्या आणि भांड्यांच्या खोलीत गेल्या. सर पाठोपाठ गेले. विहीणबाई घंगाळाला टेकून उभ्या होत्या, लेकीच्या लग्नाचा शालू नेसून, आणि डोळे पुसत होत्या.

"सर, मला न्हाई सोसत आता," त्या म्हणाल्या. "त्या दिशी तुम्ही मला वाचवलं. मीबी गप ऱ्हायले. माझी लेक उजवायची व्हती, मी गप ऱ्हायले. पन ते लेकरू कशापायी सोसतंय? मी सांगते नीरजाला. माझ्या मांडीवर व्हती, माझ्या हातनं सुटली."

किती सोपं झालं असतं! विहीणबाई स्वतःहून ओझं उचलायला तयार होत्या. सरांना क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची त्यांना इतकी शिसारी आली की आवाज एकदम मोकळा झाला.

"नाही, ताई. तुम्ही पोर मांडीवर मागितलीत, नाही म्हणायचं काम माझं होतं. गाडी मी चालवत होतो. खुर्ची मी काढली. खोटं मी बोललो. तुम्हाला वाचवायला बोललो, असं मी स्वतःला सांगत आलोय. तेही अर्धंच खरं आहे."

नीरजाला त्यांनी गाडीपाशी बोलावलं. मांडवात सनई चालू होती, जेवणाची दुसरी पंगत बसत होती. त्यांनी सगळं सांगितलं. गठ्ठे, स्कूटरमागची खुर्ची, कव्हर, मांडी, फडकं. वर्गात उत्तर सांगावं तसं क्रमाने, काही न गाळता सांगितलं. नीरजाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"मी तिला रागावले, बाबा," ती शेवटी म्हणाली. "तोंडाला टाके होते तिच्या, आणि मी तिला रागावले. तुम्ही तिथे होतात."

"होतो."

तिने हात पुढे केला. "किल्ली." सरांनी किल्ली दिली. "परत जाताना मी चालवणार. यापुढे आनंदीला न्यायचं-आणायचं मी बघेन, व्हॅन लावेन, काय वाटेल ते करेन. आणि तिला हे मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

निघताना विहीणबाई गाडीपर्यंत आल्या. नीरजाने वाकून नमस्कार केला, बोलली मात्र नाही. सर मागे बसले, नातीच्या शेजारी. तिला खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, टक् झालं, आणि तिने लगेच दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

गाडी कात्रजच्या रस्त्याला लागली तेव्हा सरांनी घसा साफ केला. "आनंदी, मला तुला एक सांगायचंय. त्या दिवशी तू बटण दाबलं नव्हतंस. तू खुर्चीत नव्हतीसच. खुर्ची मी काढून ठेवली होती. तू आंबेगावच्या आजीच्या मांडीवर होतीस. चूक माझी होती, आणि मी सगळ्यांना खोटं सांगितलं. तुझे हात चांगले आहेत. काढ बघू बाहेर."

आनंदीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. पुढे नीरजा आरशातून पाहत होती, सरोजिनीबाई मान वळवून पाहत होत्या.

"नाही आजोबा," ती म्हणाली. "मी दाबलं. मला आठवतंय ना. टक् वाजलं."

"नाही गं राणी. ते तू ऐकलंस, मी सांगितलं म्हणून—"

"दाबलं मी." ती समजुतीने हसली. आजोबा आपल्याला वाचवायला बघताहेत, आईने पुन्हा रागावू नये म्हणून आपला दोष स्वतःवर घेताहेत, हे तिला कळलं होतं. पुढच्या दोन दातांची जागा रिकामी दिसली. मग तिने एक हात, फक्त एकच, मांडीखालून काढला, आणि अगदी त्यांच्यासारखी तर्जनी वर केली.

"खोटं बोलायचं नसतं, आजोबा."

आणि हात पुन्हा जागेवर ठेवला. बाहेर डेअरीची भिंत मागे पडत होती. सर तिच्याशी पुढेही बोलत राहिले, स्वारगेट येईपर्यंत, पुन्हा पुन्हा तेच, पण तिला झोप लागली होती आणि झोपेतही तिचे हात मांड्यांखालीच होते.